वरातीतले गाणे जोखताना

लोकप्रिय गाणे बहुधा कशासाठी तरी केलेले असते. हळदीच्या मांडवात बायकांना नाचवायचे असते, जयंतीच्या मिरवणुकीत चालणाऱ्यांचे पाय थकू द्यायचे नसतात, पडद्यावरची दोन वर्षे चार मिनिटांत उरकायची असतात, पहाटेच्या लोकलमधला दीड तास सुसह्य करायचा असतो. असे गाणे परीक्षणाला घेतले की पहिला प्रश्न त्याच्या कामाचा असतो आणि दुसरा ते काम किती नेटके झाले याचा. राग शुद्ध आहे का, आवाज घोटलेला आहे का, हे प्रश्न त्यानंतर येतात. कधी येतही नाहीत.

मराठीत संगीतसमीक्षा नवी नाही. केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहीत, आणि त्यांच्या लिखाणाला धार होती. 'संत तुकाराम' (१९३६) सारख्या चित्रपटाचे संगीत त्यांनी स्वतः केले असल्याने दोन्ही बाजूंचे कष्ट त्यांना ठाऊक होते. माधव मोहोळकरांच्या 'गीतयात्री'ने हिंदी चित्रगीताला ललित निबंधात मानाने बसवले. अशोक दा. रानडे यांनी मात्र पायाच बदलला. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी मानून प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे, म्हणून तिचे निकषही वेगळे, असे त्यांनी मांडले. ख्यालाच्या फूटपट्टीने बेंजो मोजू नये, इतका साधा अर्थ त्यातून निघतो. तरीही वर्तमानपत्री परीक्षणांत ही चूक वर्षानुवर्षे होत आली आहे.

रानडे यांचे हे म्हणणे पडताळून पाहायला उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा मध्य रेल्वेवरचा पट्टा फार सोयीचा आहे. कल्याणच्या पुढे जेमतेम पंधरा किलोमीटरमध्ये इथे चार-पाच वेगवेगळी लोकप्रिय संगीते शेजारी नांदतात, आणि प्रत्येकाचे काम निराळे आहे.

उल्हासनगर फाळणीतून उभे राहिले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना ठेवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच कॅम्प अजून आकड्यांनीच ओळखले जातात. या लोकांनी सामानाबरोबर जे आणले त्यात लाडा होता: लग्नघरात बायकांनी ढोलकीवर म्हणायची गाणी. भगतही होता. पायघोळ जामा आणि घुंगरू घातलेला मुख्य गायक साथीदारांबरोबर रात्रभर गातो, नाचतो, मध्येच गोष्ट सांगतो, लोकांसमोर पदर पसरून दान मागतो. असा हा खेळ. भगत कंवरराम यांचे नाव आजही या परंपरेत पहिले घेतले जाते. १ नोव्हेंबर १९३९ रोजी सिंधमधल्या रुक स्थानकावर त्यांची हत्या झाली. फाळणीनंतर भारतात लाडा घरोघरी पोचवण्यात भगवंती नावाणी यांच्या आवाजाचा वाटा मोठा होता.

आजच्या एखाद्या सिंधी लग्नगीताचे परीक्षण करायचे तर कान आधी उच्चारावर लागतो. सिंधीत ग, ज, ड आणि ब यांची प्रत्येकी एक बहीण आहे, जिच्या उच्चारात हवा बाहेर फेकण्याऐवजी क्षणभर आत ओढली जाते. देवनागरीत ही अक्षरे खाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी लिहितात. हिंदी वातावरणात वाढलेल्या तरुण गायकाच्या तोंडून ही चार अक्षरे सपाट होतात. चाल तीच, शब्द तेच, पण जाणत्या श्रोत्याला गाणे परके वाटते. हा शुद्धतेचा बडेजाव नाही. भारतात सिंधीला स्वतःचा प्रांत नाही. १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला, तरी तिसऱ्या पिढीतल्या अनेकांना ती वाचता येत नाही. अशा घरात लाडा हाच भाषेचा अखेरचा वर्ग असतो. गाण्याचे एक काम भाषा टिकवणे असेल, तर उच्चाराचे गुण सुराच्या गुणांच्या बरोबरीने धरावे लागतात.

दुसरी कसोटी गर्दीची. लाडा मुळात एकीने उचलायचा आणि बाकीच्यांनी ओढायचा प्रकार आहे. त्यात आवाज एकमेकींना लागत नाहीत, कोणी मागे राहते, कोणी शब्द विसरून नुसती टाळी देते. स्टुडिओत एकच गायिका स्वतःच्या आवाजाचे चार थर देऊन हा समूह उभा करते तेव्हा सूर जुळतात आणि लग्नघर नाहीसे होते. १९९७ मध्ये आलेल्या ऑटोट्यून या सॉफ्टवेअरने सूर जुळवणे सोपे केले, पण समूहगीतात हे जुळणेच कधी कधी दोष ठरते.

कॅम्पांपासून थोड्याच अंतरावर वेगळे संगीत सुरू होते. कल्याण-उल्हासनगर भागात आंबेडकरी वस्त्या मोठ्या आहेत आणि १४ एप्रिलची मिरवणूक हा इथला वर्षातला सगळ्यांत मोठा संगीतसोहळा म्हणता येईल. भीमगीताची मुळे १९३० च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांत आहेत. भीमराव कर्डक यांचा जलसा त्यांतला सुरुवातीचा. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी पुढे गावोगाव फिरून हे गीत तळापर्यंत नेले. कल्याणला राहिलेले प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजात विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते दोन्ही घराघरांत पोचली. मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श अशा तीन पिढ्या या घरात गातात. कॅसेट स्वस्त झाल्यावर १९८० च्या दशकात हा बाजार फुगला. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारताबद्दल जे दाखवले ते इथेही लागू पडते: रेकॉर्ड कंपन्यांची मक्तेदारी मोडली, आणि ज्यांचे गाणे कोणी ध्वनिमुद्रित करत नव्हते त्यांच्या हातात यंत्र आले.

भीमगीतावर हमखास आक्षेप असतो तो उसन्या चालीचा. गाजलेल्या चित्रगीताची चाल घ्यायची आणि तीत नवे शब्द भरायचे. लोकलमधली भजनी मंडळेही हेच करतात; बदलापूर किंवा अंबरनाथहून सकाळी निघालेल्या गाडीत टाळ आणि ढोलकीवर अभंग सुरू होतो आणि दोन ओळींनंतर चाल कुठल्या सिनेमातली आहे हे शेजारचा प्रवासी ओळखून गालात हसतो. या चालीमागे हिशेब आहे. डब्यात किंवा मिरवणुकीत तालीम होत नसते. सगळ्यांना आधीच पाठ असलेली चाल घेतली तर पन्नास अनोळखी माणसे पहिल्याच फेरीला कोरस धरू शकतात. परीक्षकाने पाहायचे ते नव्या शब्दांकडे. जुन्या चालीवर शब्दांचे आघात बरोबर पडतात का? ऱ्हस्व-दीर्घ ओढून-ताणून बसवले आहेत का? आणि गीतात काही सांगितले आहे, की नुसती बिरुदे ओळीने मांडली आहेत? वामनदादांची रचना आणि तिची सवंग नक्कल यांतला फरक इथेच कळतो. नकलेत महापुरुषाचे नाव दर ओळीला येते आणि विचार एकदाही येत नाही.

अंबरनाथ-बदलापूरच्या गावठाणांत आगरी लग्नाचे संगीत आहे. जुन्या लग्नात धवलारीण हे विधी चालवणारी बाई धवळे गाते. तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीच्या लग्नावर रचलेल्या गीतांचे नावही धवळे हेच आहे, म्हणजे शब्दाचे वय सातशे वर्षांहून जास्त. धवळ्याची चाल दोन-तीन सुरांत फिरते, कडवी लांबत जातात. ऐकणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटली तर त्यात गैर काही नाही, कारण ती ऐकण्यासाठी नाहीच. ती विधीची पायरी आहे. हळद दळणे, मांडव घालणे, नवरी न्हाणे यांपैकी प्रत्येक क्रिया जितका वेळ घेते तितका वेळ धवळा चालतो.

त्याच मांडवात रात्री हळदीची नवी गाणी लागतात. आगरी-कोळी गाण्यांचा आज मोठा उद्योग आहे आणि त्यातले बरेचसे सोने, गाडी, बाटली आणि नवरीचे रूप यांभोवती फिरते. या विषयांची टिंगल करून परीक्षण संपवणे सोपे असते. बोलीकडे पाहिले तर अधिक हाती लागते. आगरीत 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न' आणि बऱ्याचदा 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी होते. बाहेरचा गीतकार प्रमाण मराठीत गाणे लिहितो आणि मधूनमधून 'गो' आणि 'रं' पेरून त्याला आगरी म्हणवतो. आतल्या माणसाच्या गाण्यात बोली क्रियापदापर्यंत गेलेली असते. तसेच तालाचे. हळदीच्या नाचाचा हिंदोळा सहा मात्रांच्या अंगाने जातो. त्यावर सरळ चार ठोक्यांचा यांत्रिक ताल लादला की पाय गोंधळतात. नाचणाऱ्यांचा घोळका हा अशा वेळी कुठल्याही समीक्षकापेक्षा नेमका निकाल देतो.

मिरवणुकीतला बेंजो हा स्वतंत्र लेखाचा विषय. ज्याला इथे बेंजो म्हणतात त्याचा अमेरिकन बँजोशी संबंध नाही. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोया इथे गोरो मोरिता यांनी टंकलेखनयंत्रासारख्या कळा तारांवर बसवून 'ताइशोगोतो' केले. तेच वाद्य भारतात बुलबुलतरंग झाले, आणि विजेचा पिकअप लागल्यावर गणपतीच्या रस्त्यावर बेंजो. शब्द नसताना, ताशा आणि ढोलाच्या गोंगाटावरून, फक्त चालीच्या आकारावर गाणे ओळखू यावे लागते. त्यासाठी वादक मींड टाळतो, सूर तोडून मारतो आणि प्रत्येक लांब सुराला कंपन देतो. सतार ऐकलेल्या कानाला हे कर्कश वाटते, पण मोकळ्या रस्त्यावर तीस पावलांवर पोचणारा सूर असाच काढावा लागतो.

आवाजाची पातळीही परीक्षणात यायला हवी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांना बंदी, सण-उत्सवांच्या ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट. डेसिबलची मोजणी घातांकी असते, दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. डीजेच्या भिंतीसमोर बेंजोचे पथक ऐकूच येत नाही. तिथे चालीचा आकार मरतो आणि उरतो तो छातीवर बसणारा खर्ज. उलट तेच गाणे मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकले तर खर्ज गायब होतो, म्हणून आजचे ध्वनिमुद्रक खर्जाचा वरचा अंश मुद्दाम उठावदार करतात. एकाच गाण्याचे दोन निकाल येतात ते असे. कोणत्या यंत्रावर ऐकले हे न सांगणारे परीक्षण अर्धेच असते.

चित्रगीताचे काम पुन्हा वेगळे. श्रीराम राघवन यांच्या 'बदलापूर' (२०१५) या चित्रपटाने या गावाचे नाव देशभर नेले. त्याला सचिन-जिगर यांचे संगीत आहे. नावात 'बदला' दडलेला आहे म्हणून ते निवडले असावे. गावात मात्र घोडे बदलण्याच्या मुक्कामावरून नाव पडल्याची जुनी कथा सांगतात. नायक सूडाची वाट पाहत पंधरा वर्षे तिथे राहतो, आणि चित्रपटातल्या गाण्यांत बदलापूरचा मागमूसही नाही. स्थानिक श्रोत्याला हे खटकू शकते. पण आतिफ अस्लम यांच्या आवाजातले प्रेमगीत गमावलेल्या संसाराची आठवण म्हणून येते, गावाचे चित्र म्हणून नाही, तेव्हा तो दोष धरता येत नाही. याच्या उलट तपासणी 'सैराट' (२०१६) आणि 'धडक' (२०१८) शेजारी ठेवून होते. अजय-अतुल यांचेच संगीत, 'झिंगाट' दोन्हीकडे. मराठीत शब्द करमाळ्याच्या मातीतले. हिंदीत कथा उदयपूरला गेली आणि शब्द कुठल्याच गावचे राहिले नाहीत. चाल आणि ठेका तेच असल्यामुळे बोलीने गाण्यात किती भर घातली होती याचे जवळजवळ प्रयोगशाळेतले मोजमाप मिळते.

लोकप्रियतेचे आकडे परीक्षकाला मोहात पाडतात. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, त्या सुमारास आकाशवाणीने चित्रगीतांकडे पाठ फिरवली होती. गीतमालेच्या क्रमवारीसाठी रेकॉर्डची विक्री आणि श्रोतासंघांची पत्रे धरली जात. म्हणजे क्रमांकामागे पैसे मोजणारा किंवा निदान पोस्टकार्ड लिहिणारा माणूस होता. यूट्यूबच्या आकड्यामागे कोण आहे हे तितके स्पष्ट नसते. जाहिरात म्हणून दाखवलेल्या व्हिडिओचे व्ह्यूज विक्रमात धरू नयेत असे यूट्यूबला सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवावे लागले. पुढच्याच वर्षी मुंबई पोलिसांनी बनावट अनुयायी आणि व्ह्यूज विकणाऱ्यांची चौकशी सुरू केली. शिवाय वरातीत, रिक्षात, हळदीत वाजलेले गाणे या मोजणीत नीट येतच नाही. पुढच्या वर्षीच्या हळदीतही ते मागितले जाते का, हा आकडा कोणी छापत नाही, पण बेंजोवाल्यांच्या फर्माइशीत तो लगेच कळतो.

संगीतावरचा माहितीपट जोखताना गाण्याचे हे सगळे प्रश्न लागतात आणि वर चित्रपटाचे. या पट्ट्याला सर्वांत जवळचा आणि सर्वांत मोठा नमुना आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी डोक्याला निळी पट्टी बांधून गळफास घेतला. घोगरे यांचा आवाज पटवर्धनांच्या 'हमारा शहर' (१९८५) मध्ये आधीच होता. घोगरे यांच्या मृत्यूनंतर सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले आणि सुमारे तीन तासांचा पट झाला. मुंबईत तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, ज्या लोकांची ती गाणी त्यांच्यासमोर, उघड्यावर दाखवला गेला.

या पटाचे सामर्थ्य कात्रीत आहे, कात्री न लावण्यात. मुलाखतींच्या मधली फोडणी म्हणून गाणे वापरण्याची सवय माहितीपटांना जडली आहे: दहा सेकंद आवाज, मग कोणी तज्ज्ञ, मागे गाणे मंद. पटवर्धन कडवी पुरी होऊ देतात. त्यामुळे गीताचा युक्तिवाद प्रेक्षकापर्यंत पोचतो. शाहिरी गीतात तर युक्तिवाद शेवटच्या कडव्यातच असतो. दिग्दर्शकाचा राजकीय कल लपलेला नाही, आणि तो लपवलेला नसणे हे इथे गुणात जमा. आक्षेप घ्यायचा तर तो निवडीवर घेता येतो: कल्याणच्या शिंदे घराण्याने ज्या बाजारातून भीमगीत पसरवले त्या कॅसेटच्या व्यवहाराला पटात फारशी जागा नाही. लढ्याचे गाणे दिसते, धंद्याचे दिसत नाही, आणि १४ एप्रिलच्या रस्त्यावर दोन्ही एकाच स्पीकरमधून येत असतात.

निवडीचा प्रश्न मोठ्या पारितोषिकांनीही सुटत नाही. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या पटाला २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले. विस्मृतीत गेलेला अमेरिकन गायक रॉड्रिगेझ दक्षिण आफ्रिकेत अफाट लोकप्रिय असल्याची ती थरारक कथा. पण तोच गायक १९७९ आणि १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता, हे पटातून गाळले होते. पटातली माहिती खरी होती, पण विस्मृतीची कथा खोटी पडली. सत्यजित राय यांनी 'बाला' (१९७६) केला तेव्हा बालसरस्वती ५८ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या नृत्याची ऐन उमेद मागे पडली होती. रायांनी उणीव झाकली नाही, समोर होते ते समुद्रकाठी अखंड टिपले. शबनम विरमानी यांच्या कबीरावरच्या चार पटांत माळव्याचे प्रल्हाद टिपानिया गातात तेव्हा प्रश्न विचारणारी दिग्दर्शिकाही चौकटीत असते, म्हणून उत्तर कोणाला दिले गेले हे कळते.

गेल्या काही वर्षांत वाढलेल्या तारांकित पटांना वेगळ्या सावधपणाने पाहावे लागते. 'एपी ढिल्लों: फर्स्ट ऑफ अ काइंड' (२०२३) किंवा 'यो यो हनी सिंग: फेमस' (२०२४) यांसारख्या पटांत ज्याच्यावर पट आहे तोच मुख्य साक्षीदार असतो. अशा वेळी पाहायचे ते एवढेच की त्याच्याशी असहमत असलेला एक तरी माणूस पुरते वाक्य बोलतो का, आणि गाणे बनताना दिसते की फक्त गाजताना.

शेवटी श्रेयनामावली वाचायची. लाडा आणि धवळा पडद्यावर आले की त्यांच्यापुढे बहुतेक वेळा 'पारंपरिक' असे लिहिलेले असते. चाल आणि शब्दांपुरते ते बरोबरही असते. वरात आणि लग्नसमारंभात गाणे वाजवणे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात उल्लंघन मानलेले नाही, त्यामुळे मांडवात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्याच मांडवात कॅमेरा आला की हिशेब बदलतो. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क दिला, आणि १९९९ पासून त्याची मुदत पन्नास वर्षे आहे. गीत पारंपरिक असले तरी त्या दिवशी ते गायलेली धवलारीण पारंपरिक नसते. तिचे नाव आणि तिची संमती नामावलीत आहे की नाही, ही नोंद परीक्षणात हवी.